बरड मंजूर

आमचं बरड मंजूर झालं आणि त्याच दिवशी बिजली मेली. बरड म्हणजे आमची दगडाळ, उताराची, गवताची जमीन आणि बिजली म्हणजे त्या गवतावर जन्मभर चरलेली आमची गाय. झालं, सांगून टाकलं. आता हे झालंच नाही असं धरून चालू. ही कल्पना माझी नाही. सकाळी फोनवर बाबांनीच तसं धरलं, आणि मोठ्या माणसानं एखादी गोष्ट धरली की आमच्या घरी ती त्याच्या हातातून सोडवायची पद्धत नाही.

तर सकाळ. आदिलाबादला सुधाकररावांच्या दूध पार्लरमध्ये मी काउंटरमागं उभा होतो. कामाला लागून मला बरेच महिने झाले आहेत आणि काम सोपं आहे. क्रेटमधल्या पिशव्या फ्रीजमध्ये भरायच्या, फ्रीजमधल्या गिऱ्हाइकाला द्यायच्या. दूध कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातून रात्रभर प्रवास करून येतं, माझ्याकडं थोडा वेळ विसावतं आणि पुढं जातं. फोन वाजला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एक तोंडात धरून मी फोन उचलला.

"जेवला का?" बाबा म्हणाले.

माझ्या तोंडातली पिशवी पडली, फुटली आणि दूध माझ्या चपलेत शिरलं. हा प्रश्न बाबांनी मला आयुष्यात कधी विचारला नव्हता. आमच्या घरी तो आई विचारते. बाबा विचारतात, पाणी आलं का, पाऊस आहे का, गाडी भेटली का, आणि जास्तच प्रेम आलं तर, खिशात चिल्लर आहे का. "जेवला का" हे आमच्याकडं मयतीच्या घरी जाऊन म्हणतात.

"हाव, जेवलो," मी खोटंच सांगितलं. "तुमी?"

"जेवतो आता."

"काही झालं का बाबा?"

"काय होते? बरड मंजूर झालं. साहेब येऊन फोटो काढून गेला काल."

"अन् बिजली?"

मधे एक ट्रक गेला, त्यांच्याकडं की माझ्याकडं ते कळलं नाही. "हाये," बाबा म्हणाले. "हाये जागच्या जागी." आणि फोन ठेवला.

मी खाली पाहिलं. दूध बोटांच्या मधे साचलं होतं, थंडगार. दूध थंड असतं हे मला आदिलाबादला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्याकडं दूध म्हणजे अंगाची ऊब असलेली वस्तू. ते तापवतात म्हणजे फक्त आठवण करून देतात त्याला, तू कुठून आलास याची. लहानपणी नेरडीगोंड्याला हायवेवरच्या ढाब्यांवर बाबांबरोबर दूध घालायला जायचो तेव्हा किटली मांडीवर धरायचा मान माझा असायचा, आणि थंडीत गुडघ्यांवर एक अख्खी गाय बसली आहे असं वाटायचं. इथं फ्रीजमधून पिशवी काढताना मला कधीकधी शवागारात नोकरी लागल्यासारखं वाटतं. हे मी सुधाकररावांना एकदा बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "लखन, गिऱ्हाइकासमोर हे काही बोलू नको बाप्पा."

मग मयूरीचा फोन आला. मयूरी माझी बहीण, कुजबुजत बोलत होती, बहुधा गोठ्यामागून. "बाबाले काही इचारू नको. बिजली गेली काल. किराळ लागली."

"बाबा तं म्हणाले हाये."

"मंग हाये म्हन तू बी. आई बी म्हणून राह्यली. मी बी म्हणून राह्यली."

म्हणजे सगळ्या घराचं एकमत झालं होतं, जे बरडाबाबतही कधी झालं नव्हतं. मी चप्पल पुसली. एका बाईनं अर्धा लिटर मागितलं, मी दिलं. बिजली हाये.

बिजलीचं नाव बिजली पडलं कारण ती जन्मली त्या दिवशी आमच्या वस्तीवर विजेचा खांब आला. खांबात वीज पुढं पुष्कळ दिवसांनी आली आणि ही कालवड तशीच निघाली. सगळं उशिरा. उशिरा उभी राहिली, उशिरा गाभण गेली. गावातली ती सगळ्यात संथ गाय होती. आणि तरी बाकीची गुरं तिच्याच मागं चालायची, बहुतेक तिला ओलांडून जाणं त्यांना बरं दिसत नसावं. सकाळी सोडली की हौदावर पाणी प्यायची, मान वर करायची, थोडा वेळ कशाचा तरी विचार करायची आणि बरडाकडं निघायची. मागून सगळं गुरांचं खांड. राखायला कोणी लागायचं नाही. बाबा म्हणायचे, "तिले रस्ता ठाऊक हाये." त्यावर मी एकदा म्हणालो होतो की रस्ता एकच आहे, चुकणार कुठं? बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गाईपेक्षा कमी दूध देतो हे मला पटलं.

आमचं पोट या चालीवर होतं. पावसाळा-हिवाळा गवत फुकट. दूध आणि खवा ढाब्यांवर, वर्षाकाठी एखादा गोऱ्हा बाजारात. अडायचं ते उन्हाळ्यात. बरडावर नुसते दगड उरत तेव्हा सरकीची ढेप विकत आणावी लागायची, आणि ती यायची सरकारच्या एकरी मदतीतून. पूर्वी सरकारनं दिलेल्या पासबुकात जमीन नोंदलेली असली की मदत यायची, जमिनीवर काय चाललंय हे कोणी विचारायचं नाही. सरकार जमिनीला पैसे द्यायचं आणि ते गाय खायची. व्यवस्था उत्तम होती. मग नवा नियम आला. पेरलेल्या जमिनीलाच मदत, पडीक, डोंगर, दगडगोटे यांना नाही. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. आदिलाबादच्या बाहेर लोकांनी शेतात रंगीत दगड रोवून प्लॉट पाडले होते आणि त्या दगडांनाही मदत मिळत होती. ती बंद व्हायलाच हवी. फक्त वरून पाहणाऱ्याला त्यांचे प्लॉट आणि आमचं बरड सारखंच दिसत होतं. दोन्हीकडं ज्वारी नव्हती.

पहिल्या पाहणीला मी सुट्टी घेऊन गावी होतो. कृषी खात्याचा साहेब तरुण होता, माझ्याच वयाचा, चढ चढून घामाघूम झालेला. आईनं त्याला ताक दिलं. तो एका दमात प्यायला, दुसरा पेला मागितला, आणि पेला हातात धरूनच बरडाकडं बोट करून तेलुगूत विचारलं, "पटेल, इदि गड्डि कदा?" मग आमच्या चेहऱ्यांकडं पाहून, "घास है ना ये?"

"घास नाही साहेब," बाबा म्हणाले. "जनावराईचं जेवन हाये."

"जेवन मतलब?"

"तुमी जेवता ते पीक. मंग हे जेवतेत ते काऊन नाही?"

साहेब खरंच विचारात पडला. चांगला मुलगा होता. त्यानं मोबाइलमध्ये बघितलं, वरखाली केलं. "पटेल, इसमें कपास है, जवारी है, सोयाबीन है, तूर है. घास का खाना इच नहीं है."

"मंग गाय लिहा."

"क्या?"

"पीक, गाय," बाबा म्हणाले. "आमी बरडात गाई पिकवतो."

साहेब हसला. मी हसलो. मयूरी हसली. बाबा हसले नाहीत. मला तेव्हा वाटलं, बाबांनी विनोद फार छान केला, चेहरा अजिबात हलू दिला नाही. पार्लरमध्ये उभ्याउभ्या, ओल्या चपलेत, मला आज पहिल्यांदा वाटलं की तो विनोद नसावा. ते अर्जच करत होते, तोंडी.

त्या रात्री घरात चर्चा झाली, म्हणजे आई आणि बाबा एकाच भिंतीकडं बघत बसले. बरड नांगरलं नाही तर मदत बंद, ढेप बंद, उन्हाळ्यात गुरं विकावी लागतील. नांगरलं तर गवत बंद, पावसाळ्यातच विकावी लागतील. दोन्हीकडून गुरंच जायची, फक्त ऋतू निवडायचा होता. मग आईनं तोड काढली. बयनाबाई, आमची आई, फार बोलत नाही पण हिशेबात सरकारपेक्षा सरस आहे. म्हणाली, ज्वारी पेरू. माणसाले कणीस, गाईले कडबा, साहेबाले फोटो. असं सर्वांना पुरणारं पीक दुसरं नाही. बाबांनी बिजलीच्याच गोऱ्ह्यांची जोडी जुंपली आणि तिची चरायची जागा तिच्या पोरांकडून नांगरून घेतली. मयूरी सांगते, बिजली बांधाशी उभी राहून बघत होती. नाराज वगैरे दिसत नव्हती म्हणे. पोरं कामाला लागली याचं समाधान असावं.

ज्वारी उगवली. दगडांतून उगवली म्हणून गाव बघायला आलं. गुरं दावणीला बांधली गेली, जुन्या कडब्यावर, थोडेच दिवस म्हणून. रोज सकाळी बिजली हौदावर पाणी प्यायची, मान वर करायची, विचार करायची, आणि आई दावं धरून तिला परत फिरवायची. ती फिरायची, पण विचार तसाच ठेवून. मग पावसानं ओढ दिली. गुडघ्याएवढी ज्वारी थांबली, सुकायला लागली, पानांवर ती निळसर झाक आली जी आमच्याकडं रांगतं पोरही ओळखतं. अशा कोवळ्या, उन्हानं करपलेल्या ज्वारीत विष चढतं. त्यालाच किराळ म्हणतात. चार घास पुरतात. जनावर थरथरतं, खाली बसतं, आणि ते बसणं शेवटचं असतं. हे बाबांना माहीत, आईला माहीत, मयूरीला माहीत. बिजलीलाही माहीत असेल, पण तिच्या लेखी ती जागा ज्वारीची नव्हतीच. तिचं बरड होतं ते.

आता कालचं. काल काही झालं नाही असं आपलं ठरलंय, तेव्हा जे झालं नाही ते मयूरीनं सांगितलं तसं सांगतो. साहेब दुसऱ्यांदा आला. बाबा ज्वारीत उभे राहिले, साहेबानं फोटो काढला. बाबांचे फोटो मोजकेच आहेत आणि सगळ्यांत ते अटक झाल्यासारखे उभे असतात. या फोटोत हसले म्हणे. साहेब म्हणाला, "हो गया पटेल, मंजूर." आणि ताक पिऊन गेला. बाबा अंगणात जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बरड आता बरड नाही राह्यलं. वावर झालं."

आमच्या घराण्यात रीत आहे. नवीन वावर झालं की घरातली मोठी गाय त्यात फिरवायची, तिच्या खुरांना पाणी घालायचं, नारळ फोडायचा. ही रीत आजोबांची. पण आजोबांनंतर आमच्यात नवीन वावर कोणी केलंच नाही, त्यामुळं रीत सगळ्यांना माहीत आणि पाहिलेली कोणीच नाही. आजोबा ती नांगरटीनंतर करायचे, काळ्या मोकळ्या मातीत, जिथं गाईला खायला ढेकळांखेरीज काही नसायचं. आईला अंधुक आठवत होतं.

"पेरायच्या आधी करतेत ना हे?" ती म्हणाली.

"पेरलं तवा ते वावर कुठं होतं?" बाबा म्हणाले. "वावर आज झालं. साहेबानं सांगतलं."

 बाबांचं म्हणणं बिनतोड होतं. जमीन कधी शेत होते हे जर जमीन ठरवत नसेल, पाऊस ठरवत नसेल, पेरणारा ठरवत नसेल, तर तिचा जन्मदिवस मोबाइलमधूनच घ्यावा लागतो. बाबांनी घेतला. बिजलीला हळदकुंकू लावलं, बांधावरून आत घेतलं, खुरांवर पाणी घातलं. दावं आईच्या हातात, आवळून. नारळ फुटेना. बाबांनी दगडावर आपटला, मयूरीनं आपटला. मंजूर वावरातला दगड आणि नामंजूर नारळ, असं मयूरी म्हणाली आणि सगळे हसले. आईनं दावं पायाखाली दाबून नारळ दोन्ही हातांत घेतला. तिघंही नारळाकडं बघत होते. जन्मभर संथ असलेल्या गाईनं एवढंच काम घाईनं केलं.

नारळ गोड निघाला. गुळाचं पाणी पाजलं, पळापळ झाली, डॉक्टरला फोन झाला. किराळ कोणासाठी थांबत नाही. बिजली बरडावर बसली, जिथं दुपारी नेहमी बसायची त्याच्याच जवळपास. जागच्या जागी.

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. सुधाकरराव वहीवर डोकं ठेवून झोपले होते. मी रस्त्याकडं बघत होतो आणि रस्त्यावरून माझे बाबा येत होते. पांढरा शर्ट, टोपी, हातात किटली. मला वाटलं हेही मीच मनात तयार केलं. पण ते काउंटरपाशी आले, किटली ठेवली आणि म्हणाले, "घे. बिजलीचं हाये. निस्तं, बिनपाण्याचं."

सुधाकरराव जागे झाले. "अरे, पांडुरंगराव! दुधाच्या दुकानात दूध आणता? आमाले उपाशी समजता का?"

"पोराले आणलं. इथलं दूध पोराले मानवत नाही."

"इथल्या दुधाले पोरगा मानवत नाही म्हणा. सकाळीच एक पिशवी फोडली यानं." त्यांनी झाकण काढलं, बोट बुडवलं, चाटलं. "हे तं दही झालं की हो."

"बस हलत होती," बाबा म्हणाले.

मीही बोट बुडवून चाटलं. आजचं दूध इतकं आंबट होत नाही. काल सकाळचं असणार. त्यानंतरचं नव्हतंच.

"पण चव हाये," सुधाकरराव म्हणाले. "किती देते गाय?"

"देते आपली."

"इकता का?"

"नाही," बाबा म्हणाले. "ते नाही इकायची."

मी बाबांना आत क्रेटवर बसवलं आणि चहा मागवला. चहा पिताना त्यांनी टोपी काढली. टोपीखाली ते नेहमीच थोडे लहान दिसतात. म्हणाले, "तुझी माय म्हणते, बाकीचे बी इकून टाका. वावर हाये ना आता म्हणते, जनावरं कायले पाहिजे? उद्या नार्नूरचा व्यापारी येते."

"तुमी काय म्हणले?"

"मी म्हनलं, पोराले इचारून येतो." चहा संपला तरी त्यांनी कप तोंडाला लावून ठेवला होता. "ज्वारी तं गेली. तिच्यात आता कोणी गुरं घालत नाही. हौदावर सोडलं की सगळे उभे राह्यतात. कोणीच निघत नाही. पुढं कोणी चाललंच नाही तं ते कसे निघतीन?"

गुरं हौदाभोवती उभी आहेत आणि संथ चालणाऱ्या कोणाची तरी वाट पाहत आहेत, हे मला अगदी स्वच्छ दिसलं. फ्रीजचा आवाज येत होता. मी ओली चप्पल पायातून काढून परत घातली.

"लखन, एक दरखास्त लिह," बाबा म्हणाले. "चांगल्या भाषेत. आमचं बरड वापस करा म्हन."

"मंग मदत बंद होईन."

"हाव."

"ढेप कुठून आणता मंग?"

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग असं लिह, की दोन्ही राहू द्या."

"असं नाही देत बाबा कोणी."

"मले ठाऊक हाये. लिह तं खरं. दरखास्त आत हाये म्हणून व्यापाऱ्याले सांगता तं येईन, का निकाल लागेस्तोर जनावर देता येत नाही."

मी बाबांकडं पाहिलं. चेहरा अजिबात हललेला नव्हता. यावेळी मी हसलो नाही. सुधाकररावांनी वहीतलं पान फाडून दिलं, आपलं पेनही दिलं आणि गिऱ्हाइकाला स्वतः पिशवी द्यायला उठले, जे ते कधी करत नाहीत. मी क्रेट उलटा घालून त्यावर कागद ठेवला. बाबा सांगत गेले, मी भाषा चांगली करत गेलो. कुठं त्यांचं संपलं आणि कुठं माझं सुरू झालं ते आता मला नीट सांगता येणार नाही.

मा. कृषी साहेब यांचे सेवेशी.

अर्जदार पांडुरंगराव यांजकडून सविनय सादर की, अर्जदाराचे बरड काल रोजी चुकून वावर झाले आहे. त्यात अर्जदाराची, अर्जदाराच्या पत्नीची अगर आपली कसलीही चूक नाही. तरी सदर वावर मूळ बरड म्हणून पूर्ववत करावे, मदत चालू ठेवावी, आणि पिकाच्या रकान्यात गाय लिहावी. सदर पीक स्वतः चालत असल्याने पाहणीसाठी चढ चढण्याची गरज नाही, ते हौदावर येते. बिजली नामक गाय मयत झाल्याची बातमी गावात आहे, ती नोंदीस घेऊ नये. आपण पुन्हा फोटो काढण्यास यावे. बाकीची गुरे हौदावर उभी आहेत व ती तिच्याशिवाय निघत नाहीत. सदर गाय स्वभावाने संथ असून तिला यावयास वेळ लागतो, तरी ती येईपर्यंत साहेबांनी मोबाइल धरून तेथेच थांबावे, ही नम्र विनंती.